आधी भुईला इचार

माझं अक्षर गिचमिड आहे. चौथीनंतर हातात पाटी राहिली नाही, त्यामुळं काना-मात्रा जिथल्या तिथं बसतील याची खात्री देत नाही. तेवढं पोटात घ्या. आक्का असती तर म्हणाली असती, "आधी भुईला इचार, मग चेंडू टाक." पण कागदाला विचारलं तर कागद काही बोलत नाही. म्हणून तसंच लिहायला घेतलं.

"आधी भुईला इचार." हे तिचं उठता-बसता म्हणायचं वाक्य. म्हणता म्हणता ती कमरेला खोचलेला चेंडू काढायची, हात खांद्याएवढा वर न्यायची आणि चेंडू नुसता सोडायची. टाकायची नाही, सोडायची. तो पडला की मान कलती करून आवाज ऐकायची, आपण मडकं विकत घेताना टिचकी मारून ऐकतो तशी. मग चिमूटभर माती उचलून बोटांत चोळायची, जिभेच्या टोकाला लावायची, थू करून टाकायची आणि निकाल द्यायची.

"हिला चिंधी चालंल. रबर न्हाई."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुणी बैलाचे दात बघून वय सांगतं, कुणी जमिनीला कान लावून खाली पाणी आहे का ते सांगतं आणि निम्म्या वेळा चुकतं. आमची आक्का कोणत्या भुईवर कोणता चेंडू कसा पळेल ते सांगायची. एकदा एका बाईनं तिला विचारलं, "याचा उपेग काय गं?" तर आक्का म्हणाली, "तुझ्या नाकातल्या चमकीचा काय हाय? तरी घातलीसच की."

आमची गाठ पडली ती जनावरांच्या छावणीत. दुष्काळाचं साल होतं. माजलगावकडून बीडला जाणाऱ्या डांबरी रस्त्याच्या कडेला एका गायरानावर सोसायटीनं छावणी उघडली होती. गडीमाणसं कामाच्या शोधात पुण्याकडं, नाशकाकडं गेलेली. जनावरांपाशी आम्ही बाया आणि म्हातारी माणसं. धरणाच्या पट्ट्यातून ट्रॅक्टर भरून ऊस आणि उसाच्या शेंड्याचं वाढं यायचं, पाणी टँकरनं यायचं आणि हौदात पडायचं. चारा टाकला, शेण काढलं की बाकी दिवस मोकळा. एवढा मोकळा दिवस आमच्यातल्या एकीनंही जन्मात बघितला नव्हता. पहिले चार दिवस तर आम्हाला तो खायला उठला.

माझ्याकडं एकच जनावर राहिलं होतं, तांबडी गाय. बाकीची आमच्या मालकांनी बाजार दाखवून मोकळी केली होती. तांबडी गाभण होती म्हणून राहिली. तेवढीच आमची दावण, तेवढाच आमचा संसार.

मी स्वभावानं बुजरी. कुणी नाव विचारलं तरी माझी जीभ टाळूला चिकटायची. म्हणून मी आपली गाईशी बोलायची. तिचं अंग खरारून सुटे केस निघायचे ते पाण्याच्या हातानं वळत बसायची. गुराखी पोरं करतात तसा केसांचा चेंडू. मी त्याच्या पोटात सिंदफणेच्या पात्रातला एक गोल गोटा घातला होता आणि त्यावर केसांचे थर चढवत होते. रोज थोडं वळायचं, दाबायचं, वाळवायचं. पुढं दोन महिन्यांत तो बेलफळाएवढा झाला. तांबूस, कडक आणि केसाळ.

शेजारच्या खुंट्याला आक्काचे दोन बैल होते. पहिले आठ दिवस ती माझ्याकडं नुसती बघत होती. नवव्या दिवशी जवळ आली आणि म्हणाली, "हा चेंडू हाय का उंदीर?"

मला हसू आलं. छावणीत आल्यापासून पहिल्यांदा.

"हसलीस का? मला वाटलं मुकी हायस. दे बगू." तिनं तो हातात घेऊन तोलला, वास घेतला, खांद्याएवढा वर नेऊन सोडला. 'ठप्प' असा आवाज झाला आणि चेंडू जागेवर बसला. "न्हाई बाई. हा काय कामाचा न्हाई. दगुड गिळलेला उंदीर हाय ह्यो."

तेव्हापासून माझ्या चेंडूचं नाव उंदीर पडलं आणि मला बोलायला माणूस मिळालं.

आक्का जन्मभर ऊस तोडायला गेलेली. नवरा होता तोवर नवऱ्याबरोबर, मग लेकाबरोबर. पाठ वाकल्यावर लेकानं घरी बसवली. ती ज्या ज्या कारखान्यावर गेली, तिथल्या मालकाचं नाव तिला आठवायचं नाही, मुकादमाचं आठवायचं नाही, पण राहायच्या पाचटाच्या कोपीपुढची भुई आठवायची. संध्याकाळी भाकरी झाल्या की ती टोळीतल्या लेकरांसंगं कोपीपुढं चेंडू खेळायची. लोक परगावच्या देवांच्या गोष्टी सांगतात तशा ती भुईच्या सांगायची.

"कोल्हापूरकडची भुई लई लाडाची. ओली असती. चेंडू टाकला की कुशीत घेती, सोडत न्हाई. कर्नाटकात तांबडी. तिथं रबरी चेंडू सोडलास तर इचारू नको, पाटलाच्या वाड्यात जाऊन थांबतो. आपली काळी उन्हाळ्यात भेगाळती. तिथं कडक चेंडू नेलास की भेगंत पाय मोडून बसला. तिथं चिंधीचा पायजे. चिंधी भेगंवरनं पोट घासत जाती. तळ्याच्या गाळावर पापुद्रं असत्यात, पापडावाणी. तिथं हलकं ते चालतं, जड ते फसतं."

"आन् कवठ?" मी विचारलं. लहान असताना आम्ही कवठानं खेळायचो.

"कवठ लई लबाड. त्याचा गर एका अंगाला बसलेला असतो. सासरी म्हणून सोडलं तर माहेराला वळतं."

असे तिच्याकडं सगळे निकाल तयार होते. एकच राहिला होता. आमच्या डोळ्यांसमोरून रात्रंदिवस जाणारा डांबरी रस्ता. त्याच्याकडं बघून ती हळहळायची. "डांबरावर कवा टाकून बगितला न्हाई बग."

"कावून?"

"मोकळं कुठं घावतंय ते? टरकवाले थांबत्यात का माझ्यासाठी?"

तिच्यामुळंच छावणीत लगोरीचा नाद लागला. सात चपटे दगड एकावर एक रचायचे आणि चेंडूनं पाडायचे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण आमची लगोरी जरा निराळी होती. पहिल्याच दिवशी एकीनं चेंडू जोरात फेकला तो एका खोंडाच्या कपाळाला बसला. खोंड दावं तोडून जो उधळला तो छावणीच्या कारकुनाच्या पालातून आरपार गेला. पालाची एक काठी त्याच्या शिंगात अडकून पाऊण मैल फिरली. कारकून बिचारा भला माणूस होता. त्यानं खेळ बंद केला नाही. म्हणाला, "खेळा, पण चेंडू भुई सोडून वर गेला तर बघा."

म्हणून आमच्याकडं चेंडू फेकायचा नाही, वाकून भुईवरून सरपट सोडायचा. आणि एकदा चेंडू भुईवरून जायचा म्हटल्यावर आक्काचं राज्यच आलं.

छावणीत दोन दावणी होत्या, वरची आणि खालची. आम्ही खालच्या. वरच्या दावणीची पुढारीण एक मुकादमीण होती, सिरसाळ्याकडची. तिचा आवाज एवढा की ती बोलायला लागली म्हणजे टँकर आला का नाही तेही ऐकू येत नसे. मनगट पैलवानासारखं. तिच्याकडं लेकाचा कॉर्कचा चेंडू होता आणि त्याचा तिला फार तोरा. आक्का तिला म्हणायची, "तुझा चेंडू चांगला हाय गं, पर तू भुईला इचारत न्हाईस." मुकादमीण म्हणायची, "मी नवऱ्याला इचारत न्हाई, भुईला कुठं इचारू?"

सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग ऊन वाढलं.

गायरानावर एकच झाड होतं, लिंबाचं. आम्ही पाचटाची छपरं केली होती, पण दुपारी पाचटातून ऊन असं गळायचं जसं गाळणीतून चहा. लिंबाखाली चार जनावरं मावत. तिथं वरच्या दावणीचे बैल होते, कारण ते आधी आले होते. तांबडीचे दिवस भरत आले होते. दुपारी ती जीभ बाहेर काढून धापा टाकायची. वाढ्याला तोंड लावेना. मी ओलं फडकं तिच्या पाठीवर टाकायची, ते पाठीवर पडेपर्यंत सुकायचं. एक म्हातारा बघून म्हणाला, "सावली न्हाई मिळाली तर गाय आन् वासरू दोनी जात्याल."

मला त्या दिवशी भाकरी गेली नाही. आक्का म्हणाली, "जाऊन सावली माग."

"मला न्हाई मागता येत, आक्का."

"मग मी मागती."

ती गेली. मुकादमिणीनं तिला सांगितलं, "आमची जनावरं आधी आल्यात. तुज्या खालच्या दावणीला एकीला दिली की उद्या समद्या येत्याल. न्हाई." आक्का म्हणाली, "मागून मिळत न्हाई तर खेळून घेऊ का?"

मुकादमीण खेळाला नाही म्हणणारी नव्हती. ठरलं. दोन्ही दावणींनी आळीपाळीनं चेंडू सोडायचा, प्रत्येकी तीन डाव. दगडावर दगड राहता कामा नये. जी दावण लगोरी पुरती पाडेल, लिंब तिचा. लगोरी लिंबाच्या बुडाशी रचायची आणि सोडायचं ते उन्हातल्या रेषेवरून. मधली भुई काळी, भेगाळलेली.

आक्का आनंदानं उडायचीच बाकी राहिली. "जिंकलो की गं! काळीवर तिचा कॉर्क कुठं चालतोय?" तिनं जुन्या लुगड्याचा नवा चेंडू बांधला, मऊ पोटाचा. सकाळ-संध्याकाळ त्या भेगांवरून सोडून बघितला. चेंडू दर वेळी शहाण्या सुनेसारखा सरळ जायचा. मुकादमिणीचा कॉर्क भेगेत अडकून उडायचा आणि कुठंतरी बैलाच्या पायात जायचा. बऱ्याच दिवसांनी मी नीट जेवले.

खेळाच्या आदल्या दिवशी कारकून सांगत आला, "उद्या सकाळी सोसायटीचे चेअरमनसाहेब छावणी बघायला येणार आहेत. तुमचा खेळ बघायलाही बसतील. लिंबाखाली खुर्ची टाकू."

आम्ही सगळ्या लाजलो. आक्का मात्र विचारात पडली. मला वाटलं, खेळाचा विचार करते आहे.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना मी उठले. आक्काचं अंथरूण रिकामं. बाहेर येऊन बघते तर रेषेपासून लिंबाच्या बुडापर्यंत सगळी भुई हिरवीगार, गुळगुळीत सारवलेली. एक भेग दिसत नव्हती. शेणाला छावणीत काय तोटा? हौदाच्या तळाचं गढूळ पाणी काढून तिनं अंधारात शेण कालवलं होतं. आणि पार शेवटी, लिंबाखाली, ती कमरेत वाकून हाताचा शेवटचा फरांटा ओढत होती.

"आक्का! हे काय केलं वो?"

"अगं, पाव्हणं येणार हायेत. उघड्या बोडक्या भुईवर बसवायचं का त्यास्नी? लोक म्हणत्याल, बाया हुत्या का न्हवत्या छावणीत?"

"आन् भेगा?"

"भेगा बुजवल्या. त्याबिगर सारवण बसतंय का?"

मी नुसती लगोरीच्या दगडांकडं बघत राहिले. माझी नजर गेली तिकडं तिनं बघितलं. मग आपल्या शेणानं भरलेल्या हाताकडं बघितलं. मग भुईकडं.

"अगं बया, बया, बया," असं म्हणून ती त्या ओल्या सारवणावरच बसली.

जन्मभर भुईला विचारणाऱ्या बाईनं पाहुणा येणार म्हटल्यावर भुईचं तोंडच लिंपून टाकलं होतं. हातांची सवय. डोकं झोपलं होतं, हात उठले होते. ती आधी रडेल असं मला वाटलं. पण ती हसायला लागली. एवढी हसली की तिच्या बैलांनी माना वळवून बघितलं. मला हसू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढं तांबडीची जीभ होती.

"ऊठ," डोळे पुसून ती म्हणाली. डोळ्याखाली शेणाचा पट्टा उमटला. "नवी भुई हाय. नव्यानं इचारू."

तिनं सगळे चेंडू मागवले; उंदराला ती चेंडूत धरतच नव्हती. एकेक सोडून ऐकला. चिंधीचा ओलं पिऊन जड झाला आणि अर्ध्या वाटेवर म्हशीसारखा बसला. तिनं सारवणावर ठिकठिकाणी बोट दाबून बघितलं. उन्हाचा पहिला पट्टा रेषेकडं आला होता, तिथं वाळायला लागलं होतं. लिंबाखाली सावली, तिथं ओलं ते ओलंच.

"भुई एक न्हाई गं," ती म्हणाली. "दोन हायेत. अर्धी फरशी, अर्धा चिखुल."

नऊ वाजता मुकादमीण तिच्या बाया घेऊन आली आणि सारवण बघून तिचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "काय आक्का, माझ्या कॉर्कसाठी सारवलंस का गं?" बाया खिदळल्या. "आता एवढं केलंस तर सांगून टाक, कोणता टाकू?"

ती चेष्टेनं म्हणाली होती. आक्कानं चेष्टा घेतलीच नाही.

"कॉर्क टाकू नगस. अर्धी वाट पळंल, मग सावलीतलं शेण एका अंगाला खाईल आन् त्या अंगाला वळंल. तुज्याकडं रबरी हाय, त्यो टाक. पर दमानं. जोर केलास तर उडंल."

मुकादमीण आपल्या बायांकडं वळून म्हणाली, "बघा गं, म्हातारी मला कशी फसवायला निघाली. कॉर्कला भेलीय."

मी आक्काचा पदर ओढला. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणावर रागावून बोलले. "तिला कावून सांगितलं? माझी गाय मरंल की!"

"तिनं इचारलं."

"इचारलं म्हणून खरं सांगायचं?"

"भुईचं इचारलं तर खरंच सांगावं लागतं बाई," आक्का म्हणाली. "भुई का माझ्या एकटीची हाय?"

मी तोंड फिरवून उभी राहिले.

चेअरमनसाहेब आले. पांढरे कपडे, जाड माणूस. सारवण बघून ते थबकले, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि कडेकडेनं, अंग चोरत, अनवाणी खुर्चीपर्यंत गेले. आक्कानं मला कोपर मारलं. "बघ. चपला काढल्या. वाया गेलं का सारवण?"

पहिला डाव मुकादमिणीचा. तिनं कमरेला पदर खोचला, वाकली आणि कॉर्क असा सोडला की बघणाऱ्यांच्या तोंडून 'ओ' निघालं. वाळलेल्या भागावरून तो बाणासारखा सुटला. सावलीत शिरला, तिथं त्याच्या अंगाला शेण लागलं आणि कुणी कान धरून वळवावं तसा तो डावीकडं वळून चेअरमनसाहेबांच्या खुर्चीखाली गेला. साहेबांनी दोन्ही पाय वर घेतले.

आमच्या दावणीतल्या एकीनं आक्काचं न ऐकता चिंधीचाच चेंडू सोडला. तो अर्ध्या वाटेवर बसला. लोक हसले.

मुकादमिणीनं कॉर्क पुसला आणि दुप्पट जोरानं सोडला. तो दुप्पट वळला. या वेळी साहेबांनी पाय आधीच वर घेऊन ठेवले होते.

आक्कानं माझ्याकडं हात पुढं केला. "उंदीर कुठाय?"

मी तो लुगड्याच्या ओच्यातून काढून दिला. तिनं तो ओल्या सारवणावर घासला आणि उलटा करून बघितला. शेणाचा कणही लागला नव्हता. गाईच्या अंगाचा तेलकटपणा त्या केसांत मुरला होता. तिनं तो कानाजवळ नेला, जणू आत खरंच काही जिवंत आहे.

"मी ह्याला नाव ठिवलं," ती म्हणाली. "ह्यो तर ह्याच भुईसाठी जलमलाय. घे, टाक."

"मी? तुमी टाका की!"

"माझा हात ह्याला वळखत न्हाई. दोन म्हैनं कुणाच्या हातात हाय?"

"आक्का, एवढी माणसं बघत्यात."

"तुला कोण बघतंय? समदी दगडांकडं बघत्यात."

खरंच होतं ते. मी डोईवरचा पदर दातात धरला आणि रेषेवर गेले. बघितलं तर एकही माणूस माझ्याकडं बघत नव्हतं. हे वाक्य मला त्यानंतर जन्मभर उपयोगी पडलं आहे. लग्नकार्यात, बँकेत, लेकीच्या शाळेत, कुठंही पाय अडखळला की मी मनात म्हणते, समदी दगडांकडं बघत्यात.

पण त्या दिवशी हात आखडता राहिला. उंदीर सुटला, सरळ गेला, ओल्यातून कोरडाच गेला आणि लगोरीच्या एक हात अलीकडं थांबला. "उंदीर दमला!" असं कुणीतरी ओरडलं.

"वाट बरुबर हाय," आक्का शांतपणे म्हणाली. "चेंडू भेला न्हाई. हात भेला."

मुकादमिणीचा शेवटचा डाव. ती कॉर्ककडं बघत उभी राहिली, मग आक्काकडं. मग तिनं कॉर्क खाली ठेवला आणि रबरी चेंडू घेतला. तिनं तो सोडला, आणि दमानं सोडायचा प्रयत्न केला, पण ते मनगट दमाचं नव्हतंच. चेंडू सावलीत शिरताना टुणकन उडाला आणि लगोरीच्या डोक्याला लागला. वरचे तीन दगड पडले. खालचे चार तसेच.

दगडावर दगड राहिला होता. पण किती जवळून! आक्काचं ऐकून तिनं जरा हात आवरला असता, तर लिंब त्यांचाच होता. मी आक्काकडं बघितलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "चांगला टाकला गं, मुकादमीण. थोडा जोर झाला."

लगोरी पुन्हा रचली. आता माझा डाव. मी कुणाकडं बघितलं नाही. भुईकडं बघितलं. तांबडी माझ्या मागं कुठंतरी धापत होती, ते ऐकू येत होतं. मी वाकले आणि गाईच्या पाठीवरून हात फिरवताना जसा जोर लावते तेवढा लावून उंदीर सोडला.

तो निघाला. भरभर नाही, रांगतही नाही. वाळलेल्यावरून गेला, ओल्यात गेला, वळला नाही. बाया कुजबुजायला लागल्या, "उंदीर निघाला, उंदीर निघाला." चेअरमनसाहेब खुर्चीतून पुढं वाकले. उंदीर अगदी खालच्या दगडाला जाऊन भिडला. आवाजही मोठा झाला नाही. पण तो दगड ओल्या शेणावर उभा होता. तो बुडातून सरकला, आणि वरचे सहाच्या सहा, एकेक करून, हातपाय पसरून भुईवर आडवे झाले.

कारकून वाकून बघून आला. "दगडावर दगड नाही," तो म्हणाला.

मग जो कालवा झाला तो मला नीट आठवत नाही. कुणीतरी माझ्या तोंडात गुळाचा खडा घातला. मुकादमीण मात्र तरातरा आक्काकडं गेली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं, आता भांडण.

"म्हातारे, तू खरं सांगितलं हुतंस की गं!"

"मी कवा खोटं सांगितलंय?"

"मग खोटं तरी सांगायचं! मी उलटं केलं असतं आन् जिंकले असते!"

दोघी एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून हसल्या. दुपारच्या आत तांबडी लिंबाखाली गेली. मुकादमिणीचा एक बैल लंगडा होता, आक्कानं तोही हलवू दिला नाही. "डोक्याकडं शेपूट करून बांदा, पाच मावत्यात," म्हणाली. आणि मावले. एवढी साधी गोष्ट आधी कुणाच्या डोक्यात आली नव्हती.

चौथ्या दिवशी भर दुपारी तांबडी व्याली. कालवड झाली. बायांनी तिचं नाव लगोरी ठेवलं. मुकादमिणीनं पहिल्या खरवसावर हक्क सांगितला, कारण म्हणे चार दगड उभे ठेवून तिनंच आम्हाला जिंकवलं होतं.

पुढं पाऊस झाला, छावणी उठली. जो तो आपली जनावरं घेऊन आपल्या वाटेला लागला. निघताना मी उंदीर आक्काच्या हातात ठेवला. ती नको म्हणाली, मग दोन वेळा तोलून बघितला आणि कमरेला खोचला. म्हणाली, "गावाकडं ये. आमच्या दारापुढली भुई चुनखडीची हाय. तिथं कोणता चालतो ते तुलाच वळखायला लावती."

माझं जाणं झालं नाही. संसारात आज जाऊ, उद्या जाऊ करता राहून गेलं, आणि मग एका बाजारात मुकादमीणच भेटली. त्या मोठ्या आवाजाच्या बाईनं हळू आवाजात सांगितलं की आक्का गेली. आम्ही दोघी बाजाराच्या मधोमध उभ्या राहिलो. मग मुकादमीण पायाखाली बघून म्हणाली, "हितली भुई कशी हाय गं? कॉर्क चालंल का?" आणि आम्हाला भर बाजारात हसू आलं आणि दुसरंही काही आलं.

लगोरीच्या पोटच्या कालवडी आता आमच्या गोठ्यात आहेत. त्यांना खरारताना केस निघतात, मी वळत बसते. आणि मला दर वेळी छावणी उठली तो दिवस दिसतो.

मी तांबडीला घेऊन गायरानाच्या टोकाशी उभी होते. आक्का दोन्ही बैल पुढं घालून डांबरी रस्त्यानं निघाली होती. पावसानं रस्ता धुऊन काळाकुळीत झाला होता. थोडं पुढं गेल्यावर ती थांबली. मागं बघितलं, पुढं बघितलं. बैलांना कडेला जाऊ दिलं आणि स्वतः रस्त्याच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली. कमरेचा उंदीर काढला. हात खांद्याएवढा वर नेला.

तेवढ्यात मागून उसाचा ट्रक आला. ड्रायव्हरनं कर्कश हॉर्न दिला, ब्रेक मारला, खिडकीतून डोकं काढून ओरडला, "ए म्हातारे! मरायचंय का?"

आक्कानं मागं न बघता दुसरा हात वर केला.

"थांब रे लेकरा," ती म्हणाली. "इचारतीय."

आणि चेंडू सोडून, मान कलती करून, ती ऐकत उभी राहिली.